उडण्याआधीच घडलेले अपघात

राइट बंधूंनी इंजिनाच्या बळावर आकाशात जाण्याचा पहिला प्रयत्न केला, तोच उड्डाणाच्या क्षणी फसला. १७ डिसेंबर १९०३ हा दिवस सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या तीन दिवस आधी, १४ डिसेंबरला, नाणेफेक जिंकून विल्बर राइट विमानात आडवा झाला होता. किल डेव्हिल टेकडीच्या उतारावर टाकलेल्या लाकडी रुळावरून विमान सुटले, विल्बरने नाक गरजेपेक्षा जास्त वर उचलले, वेग मोडला आणि साडेतीन सेकंदांत यंत्र वाळूत आदळले. दुरुस्तीला दोन-तीन दिवस लागले आणि मग ऑरव्हिलच्या वाट्याला इतिहास आला. इंजिन उत्तम चालत होते, वाराही बेताचा होता. चूक एवढीच की पंखांना पेलण्याइतका वेग नसताना विमानाकडून चढाई मागितली गेली. एकशेवीस वर्षांनंतरही लहान विमानांचे उड्डाणाच्या वेळचे अपघात वाचताना हाच प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो. लहान विमानांच्या अपघातांत संख्येने उतरतानाचे अपघात जास्त असतात, पण त्यातली बरीच माणसे वाकलेले चाक आणि मोडलेला पंखा मागे सोडून चालत बाहेर येतात. उड्डाणाच्या वेळचे अपघात संख्येने कमी आणि जीवघेणे जास्त. टाक्या भरलेल्या, इंजिन पूर्ण जोरावर, उंची नगण्य आणि विचाराला वेळ नाही, अशी ती अवस्था असते. अपघातानंतर बातम्यांत बहुधा ‘उड्डाण करताच इंजिनात बिघाड’ असे छापून येते आणि वाचक तो नशिबाचा खेळ समजून पान उलटतो. चौकशी अहवाल मात्र वेगळे सांगतात. यातले बहुतेक अपघात चाके जमिनीवरून सुटण्याआधीच ठरलेले असतात, आणि म्हणून ते टाळण्याची जागाही जमिनीवरच आहे, असे माझे मत ते वाचून बनले आहे.

आधी धावपट्टीवर काय घडते ते जवळून पाहू. सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान. त्यातल्या ‘एस’ प्रकाराच्या पुस्तिकेनुसार पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीवर, पंधरा अंश तापमानात ते सुमारे २९३ मीटर धावून जमीन सोडते आणि पन्नास फुटांचा अडथळा पार करायला त्याला सुमारे ४९७ मीटर लागतात. हे आकडे नव्या विमानाचे, सराईत वैमानिकाचे आणि कोरड्या, सपाट, पक्क्या धावपट्टीचे. आता हेच विमान मे महिन्यात नागपूरला आणा. तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार फुटांवर आहे. पारा त्रेचाळीसवर गेला की तिथली हवा प्रमाणित वातावरणातल्या साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. टर्बोचार्जर नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते, म्हणजे बारा-तेरा टक्के जोर सुरुवातीलाच गेला. पंखा विरळ हवा ढकलतो, पंख विरळ हवेवर तरंगतात, आणि तेवढीच उचल मिळवायला जमिनीवर जास्त वेगाने धावावे लागते. वेगदर्शक मात्र नेहमीचाच आकडा दाखवतो, त्यामुळे आतून काहीच बिघडलेले दिसत नाही. फक्त धावपट्टी संपत येते.

ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने लहान विमानांसाठी काही ठोकताळे दिले आहेत. वजन दहा टक्के वाढले तर उड्डाणाचे अंतर वीस टक्के वाढते, तापमान दहा अंशांनी चढले तर दहा टक्के, ओल्या गवतावर तीस टक्के, आणि जमीन सोडण्याच्या वेगाच्या एक दशांश इतका वारा पाठीमागून असेल तर आणखी वीस टक्के. या टक्क्यांची बेरीज करायची नसते, गुणाकार करायचा असतो. एकेक गोष्ट किरकोळ वाटते. चारही एकत्र आल्या की अंतर दुपटीच्या पुढे जाते, आणि त्यावर पुन्हा एक तृतीयांश राखीव ठेवा असा त्याच प्राधिकरणाचा सल्ला आहे. हा हिशेब कागदावर दहा मिनिटांचा आहे. तो न केलेला वैमानिक धावपट्टीच्या शेवटाकडे येतो तेव्हा एक फसवी गोष्ट घडते. जमिनीलगत, साधारण पंखांच्या लांबीइतक्या उंचीपर्यंत, विमानाला हवेचा रोध कमी जाणवतो. त्यामुळे अपुऱ्या वेगातही ते जमीन सोडते. वैमानिकाला वाटते, उडालो. प्रत्यक्षात विमान त्या पातळ थरात अडकलेले असते. वर जायला ताकद उरलेली नसते, खाली उतरायला धावपट्टी उरलेली नसते, समोर झाडे आणि तारा मोठ्या होत जातात. माणूस स्वाभाविकपणे नाक वर ओढतो, स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, इशाऱ्याचा भोंगा वाजतो आणि एक पंख खाली पडतो. १९०३ सालच्या वाळूवरचे दृश्य ते हेच.

११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात शायेन येथे झालेला अपघात या संदर्भात नीट वाचायला हवा, कारण तो जगाला माहीत झाला पण भलत्याच कारणासाठी. सात वर्षांची जेसिका डब्रॉफ अमेरिका आरपार विमान चालवत जाण्याच्या मोहिमेवर निघाली होती. सोबत वडील आणि प्रशिक्षक होते. सेस्ना १७७ उडाले आणि काही क्षणांतच कोसळले, तिघेही गेले. देशभर वाद पेटला तो इवल्या मुलीच्या हाती विमान द्यावे का, यावर, आणि त्याच वर्षी अमेरिकी संसदेने बालवैमानिकांच्या विक्रमी मोहिमांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा योग्यच होता. पण राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष मुलीच्या वयाकडे बोट दाखवत नाही. विमानाची जबाबदारी प्रशिक्षकाची होती. विमान कमाल मर्यादेपेक्षा ९६ पौंडांनी, म्हणजे जेमतेम ४४ किलोंनी जड होते. शायेनचा विमानतळ ६,१५६ फुटांवर आहे आणि इतक्या विरळ हवेची प्रशिक्षकाला सवय नव्हती. वादळ अंगावर येत होते, पाऊस आणि झोताचा वारा सुरू झाला होता. आणि एक वेळापत्रक होते, ज्यात वाहिन्यांना दिलेले शब्दही होते. ते पाळण्याची घाई मंडळाने हातभार लावणारे कारण म्हणून स्पष्ट नोंदवली. ४४ किलो जास्त वजनाने विमान पडत नाही, सहा हजार फुटांवरून रोज विमाने उडतात, पावसातही उडतात. तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर थांबायचे, हे मात्र इंजिन सुरू करण्याआधी ठरायला हवे होते. हवेत गेल्यावर ठरवण्यासारखे काही उरलेच नाही.

पाच वर्षांनी, २५ ऑगस्ट २००१ रोजी, बहामातल्या मार्श हार्बरहून गायिका आलिया आणि तिच्या सहकाऱ्यांना घेऊन निघालेले सेस्ना ४०२ धावपट्टीच्या पलीकडेच पडले. नऊ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकाच्या शरीरात कोकेन आणि मद्याचे अंश सापडल्यावर चर्चा तिकडेच वळली, आणि ते गंभीर होतेच. पण विमान मर्यादेपेक्षा सुमारे ७०० पौंडांनी जड होते आणि चित्रीकरणाच्या सामानामुळे भाराचा मध्य मागच्या मर्यादेबाहेर गेलेला होता. शेपूट अशी जड झाली की विमान आपणहून नाक वर करते आणि वैमानिकाने दाबूनही ते खाली येत नाही. शुद्धीवरच्या, निष्णात वैमानिकालाही त्या भाराने विमान सांभाळणे अत्यंत कठीण होते. सामान चढवताना झालेला तो निर्णय होता.

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावरून निघालेले किंग एअर बी-२०० शेजारच्या खरेदी संकुलावर कोसळून पाच जण गेले. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने शोधले की रडरचा ट्रिम, म्हणजे शेपटीवरच्या दिशा वळवणाऱ्या फळीला एका बाजूला धरून ठेवणारी जुळणी, बहुधा धाव सुरू होतानाच डावीकडे पूर्ण टोकाला होती. तपासणीच्या यादीत ती पाहण्याच्या जागा एकाहून अधिक होत्या. विमान थोडे जडही होते. आपल्याकडचा दाखला दिल्लीचा आहे. २२ डिसेंबर २०१५ रोजी सीमा सुरक्षा दलाचे त्याच जातीचे विमान रांचीला निघाले आणि द्वारकेत भिंतीवर आदळले. दहा जणांचा अंत झाला. धुक्यात, पुरेशी उंची येण्याआधीच ऑटोपायलट लावला गेला, दिशा धरून ठेवणारी कळ निवडलेली नव्हती आणि डावीकडे वाढत जाणारा कल कुणी सावरला नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. या दोन्ही विमानांची इंजिने सुस्थितीत होती.

यावर सरळ आक्षेप येईल की ही निवडक उदाहरणे आहेत. इंजिन खरोखर बंद पडते तेव्हा काय? ते तर वैमानिकाच्या हातात नसते. या प्रश्नाला ऑस्ट्रेलियाच्याच संस्थेने दिलेले उत्तर मला या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा वाटते. २००० ते २०१० या काळातल्या एक इंजिनाच्या विमानांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. उड्डाणानंतर इंजिन पूर्ण बंद पडण्याच्या ७५ घटना होत्या आणि त्यात एकही प्राणघातक नव्हती. इंजिनाची ताकद अर्धवट गेल्याच्या २४२ घटना होत्या आणि त्यातल्या नऊ प्राणघातक ठरल्या. ज्यात काहीतरी ताकद शिल्लक होती, तिथे माणसे मेली. याचा अर्थ लावणे अवघड नाही. इंजिन गप्प झाले की प्रश्न संपतो. नाक खाली, समोरची मोकळी जागा, उतरा, हे विद्यार्थ्याने शाळेत घोटलेले असते. इंजिन धडधडत, अडखळत चालू राहिले की आशा जिवंत राहते. वाटते, एवढ्यावर एक फेरा मारून धावपट्टीवर येता येईल. त्या आशेपायी वैमानिक उंची टिकवायला नाक वर धरतो, वेग थोडाथोडा गळतो, मग तो वळतो. यातले यांत्रिक कारण कधी स्पार्क प्लग असते, कधी टाकीतले पाणी, कधी कार्ब्युरेटरमध्ये साचलेला बर्फ. बर्फ म्हटल्यावर हिमालय डोळ्यांसमोर येतो, पण कोकणातल्या पावसाळी दमट हवेत पंचवीस अंशांनाही तो धरू शकतो, कारण कार्ब्युरेटरच्या घशात हवा एकदम थंड होते. कारण कोणतेही असो, मृत्यू इंजिनाने होत नाही, त्यानंतरच्या अनिश्चिततेत गेलेल्या सेकंदांनी होतो. आणि अनिश्चितता दूर करायची वेळ धावपट्टीच्या टोकाला उभे असतानाची.

मागे वळण्याचा प्रश्न त्यामुळे या साऱ्या विषयाच्या केंद्रस्थानी येतो. पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले की कमी उंचीवर इंजिन गेले तर कधीही मागे फिरू नका. त्याचे गणित असे आहे. सत्तर नॉट वेगाने, पंख तीस अंश कलवून अर्धे वर्तुळ घेतले तर तुम्ही धावपट्टीपासून साडेचारशे मीटर बाजूला निघता, म्हणजे आणखी वळून, मग उलट वळून धावपट्टीशी जुळावे लागते. ४५ अंश कलवले तर ते अंतर पावणेतीनशेच्या आत येते, पण स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी चढतो. मागे फिरल्यावर, उडताना जो वारा समोरून होता तो पाठीमागून येतो. जमीन भराभर सरकते, डोळ्यांना वेग भरपूर वाटतो आणि हात नकळत दांडा मागे ओढतो. याविरुद्ध अभ्यासकांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. अमेरिकी नौदल अकादमीत ब्रेंट जेट यांनी, जे पुढे अंतराळवीर झाले, १९८२ साली सिम्युलेटरवर याची शक्यता तपासली. त्याच अकादमीतल्या डेव्हिड रॉजर्स यांनी १९९५ साली गणिताने दाखवले की पुरेशी उंची असेल तर ४५ अंशांचे वळण स्टॉलच्या जरा वरच्या वेगाने घेतल्यास उंचीचा खर्च सर्वांत कमी होतो. २०१८ साली अमेरिकेच्या विमान प्रशासनाने प्रशिक्षकांना सुचवले की परत फिरणे केव्हा आणि कसे शक्य आहे हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवा. म्हणजे जुना नियम खोटा ठरला का? मला तसे वाटत नाही. रॉजर्स यांचे वळण ज्याला साधायचे आहे त्याला आपल्या विमानाची, आजच्या वजनाची, आजच्या वाऱ्यातली किमान उंची आधी माहीत हवी आणि ते वळण वर सुरक्षित उंचीवर घोटलेले हवे. इंजिन गेल्याच्या धक्क्यातून भानावर यायलाच काही सेकंद जातात. मग उंची मोजत बसणाऱ्याला वळण साधत नाही. ‘सातशे फुटांखाली समोर, त्यावर डावीकडून मागे’ असे जो मोठ्याने बोलून निघाला आहे, त्याच्यासाठी हे संशोधन उपयोगी आहे. आकडा प्रत्येक विमानाचा आणि धावपट्टीचा वेगळा असेल, पण तो निघण्याआधी उच्चारलेला असला पाहिजे.

मग समोर मोकळी जागाच नसेल तर? जुहूची धावपट्टी १९२८ साली सुरू झाली तेव्हा भोवती मोकळे रान होते. आज समुद्राची बाजू सोडली तर इमारतींची दाटी आहे, आणि देशातल्या कितीतरी धावपट्ट्यांना वस्तीने असेच वेढले आहे. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तरीही आकडे त्याला उत्तर देतात. लहान विमानाची आसने आणि पट्टे समोरून गुरुत्वाच्या नऊपट धक्का सोसतील असे धरले जाते. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने येणारे विमान त्या मर्यादेत थांबवायला तीन मीटरही पुरतात. वेग दुप्पट झाला की बारा मीटरांच्या जवळ लागतात. म्हणजे कुंपण, झुडपे, पंख तुटून गेलेली ऊर्जा, हे सारे मिळून माणूस वाचू शकतो, जर विमान पंख समतल ठेवून, ताब्यात, कमीत कमी वेगाने टेकले तर. तेच विमान वळणात स्टॉल होऊन नाकावर पडले तर ते तीन मीटरही मिळत नाहीत. ५ मार्च २०१५ रोजी अभिनेता हॅरिसन फोर्ड याच्या जुन्या रायन विमानाचे इंजिन सांता मोनिकाहून उडताच गेले, कार्ब्युरेटरमधला एक जेट सैल झाला होता. विमानतळ घरांनी वेढलेला आहे. धावपट्टीवर पोचता येत नाही हे दिसताच तो जवळच्या गोल्फ मैदानात उतरला. झाडाला घासून विमान आदळले, तो जबर जखमी झाला आणि वाचला. खांद्याचा पट्टा नीट बसवलेला असता तर इजा कमी झाली असती, असेही चौकशीत निघाले, आणि हा मुद्दा पुन्हा हँगरमधल्या कामाकडेच बोट दाखवतो. दाट वस्तीच्या धावपट्टीवर कोणत्या दिशेने उडायचे आणि कोणत्या वाऱ्यात उडायचेच नाही, हाही आधीचाच निर्णय आहे.

दोन इंजिने असली की सुरक्षित, ही समजूत इथे थोडक्यात बाजूला ठेवू. लहान दुहेरी इंजिनाच्या विमानात एक इंजिन गेले की ताकद निम्मी होते पण चढण्याची क्षमता साधारण ऐंशी टक्के जाते. उरलेले इंजिन विमानाला एका बाजूला ओढते आणि ठरावीक वेगाखाली रडर त्याला आवरू शकत नाही. अनेक हलक्या दुहेरी विमानांना एका इंजिनावर चढता आलेच पाहिजे, अशी प्रमाणपत्राची अटसुद्धा नव्हती.

प्रवासी कंपन्यांच्या मोठ्या विमानांत थांबायचे की उडायचे ही अनिश्चितता फार पूर्वी काढून टाकली गेली. प्रत्येक उड्डाणाआधी वजन, तापमान, वारा आणि धावपट्टी घालून व्ही-वन नावाचा वेग काढतात. त्याआधी काही बिघडले तर थांबायचे, त्यानंतर बिघडले तर उडायचे. धावपट्टीवर वाद नाही, विचार नाही. लहान विमानाच्या पुस्तिकेत धावण्याचे अंतर असते, पण धावून पुन्हा थांबायला किती लागेल याचा तक्ता बहुधा नसतो, आणि वैमानिकाकडून निर्णयबिंदू कुणी मागतही नाही. ज्याच्याजवळ अनुभव सर्वांत कमी, इंजिन एकच आणि मदतीला दुसरा वैमानिकही नाही, त्यालाच आपण सर्वांत कठीण निर्णय धावता धावता घ्यायला लावतो. निम्म्या धावपट्टीवर उड्डाणवेगाच्या सत्तर टक्के गाठले नाहीत तर थ्रॉटल मागे, हा जुना ठोकताळा अनेक वैमानिकांना ठाऊक आहे. त्याची खूण म्हणून धावपट्टीच्या कडेला एक फलक पुरतो. यावर कुणी म्हणेल की आणखी एक फॉर्म भरून काय साधणार, विद्यार्थी सही करून मोकळा होईल. खरे आहे, सही निरुपयोगी आहे. म्हणून तो निर्णय प्रशिक्षकासमोर तोंडी, आजच्या आकड्यांसह बोलला गेला पाहिजे, आणि आकडे सांगता आले नाहीत तर त्या दिवशी उड्डाण होता कामा नये. दुसरे कुणी म्हणेल की हे सारे गेलेल्या वैमानिकावर खापर फोडणे झाले. मला उलट वाटते. शायेनचे वेळापत्रक, मार्श हार्बरचे सामान, अपुरी धावपट्टी, हे सगळे एकट्या वैमानिकाने ठरवलेले नव्हते. आधी ठरलेली, सर्वांना ठाऊक असलेली मर्यादा त्यालाच ‘नाही’ म्हणायला आधार देते, कारण मग नकार त्याच्या मर्जीचा राहत नाही.

बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाजवळचे बिरसी, इथे आज मोठ्या संख्येने मुले-मुली वैमानिक व्हायला शिकत आहेत, आणि विमान कंपन्यांची भूक पाहता ही संख्या वाढणार आहे. तासांचा हिशेब पूर्ण करण्याची घाई विद्यार्थ्यालाही असते आणि संस्थेलाही, आणि दख्खनच्या पठारावरच्या उन्हाळ्यात दुपारचे प्रत्येक उड्डाण त्या ब्रिटिश ठोकताळ्यांच्या गुणाकारात बसते. प्रशिक्षणात इंजिन बंद पडल्याचा सराव प्रशिक्षक थ्रॉटल पूर्ण मागे ओढून देतात. तो हवाच. पण ऑस्ट्रेलियातल्या आकड्यांत पूर्ण बंद पडलेल्या इंजिनांनी कुणाचा जीव घेतलेला नाही. थ्रॉटल अर्ध्यावर आणून, विमान धड चढत नाही आणि धड पडतही नाही अशा स्थितीत विद्यार्थी काय करतो हे पाहण्याचा सराव, सुरक्षित उंचीवर आणि पुन्हा पुन्हा, आपल्या प्रशिक्षणक्रमात सक्तीचा व्हायला हवा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला त्यासाठी नवे विमान किंवा नवी धावपट्टी लागणार नाही. विमान अपघात अन्वेषण विभागानेही उड्डाणाच्या वेळच्या प्रत्येक अपघातात त्या दिवशी वजनाचा आणि अंतराचा हिशेब केला होता का, कुणी तपासला होता आणि परत फिरण्याची उंची बोलली गेली होती का, हे तीन प्रश्न अहवालात स्वतंत्रपणे नोंदवावेत. इंजिनाचे सुटे भाग प्रयोगशाळेत जातातच, हा कागदही त्यांच्यासोबत चौकशीत यायला हवा.